अप्पांची वापरातली भांडी

३ फेब्रु. ५४
अप्पांचा उजवा हात अजून उचलत नाही. सासरे खरे, पण माझे मास्तरही तेच. शाळेतून निवृत्त झालेला ड्रॉइंग मास्तर पडवीत चाक मांडून बसला. त्यांनी भांडं घडवायचं, मी पांढऱ्या मातीने वेली काढायच्या, मैलूरच्या कुंभाराकडून भाजून आणायचं. आज त्यांच्या डाव्या हातात ओला गोळा दिला. दाबून बघितला, चादरीला हात पुसला. चाकावर फडकं टाकलं. हकीमसाहेब जाताना म्हणाले, "अब दुआ करो बेटी." औषध तेच.

७ फेब्रु.
उदगीरहून आत्याबाई आल्या, अप्पांच्या थोरल्या बहीण. आल्या आल्या फळीकडे बघून कपाळाला हात. ताटल्या, पेले, सुरई, लोणच्याच्या बरण्या, सगळं मातीचं. "उद्या बरं-वाईट झालं तर हे समदं बाहेर फेकावं लागतंय. तांब्या-पितळ्याला चिंच हाय, मातीला काय हाय?"
माणूस अजून डोळे उघडून पडलंय. संताप आला. पण खोटं कुठे बोलल्या? सुतकात वापरातली माती घरात ठेवत नाहीत.

८ फेब्रु.
कोरी असती तर वाचली असती. किती वेळा म्हटलं, अप्पा, सुरई तरी नुसती मांडून ठेवू. "मांडायला तसबिरी हायत की. पाणी भर तिच्यात." एक भांडं कोरं राहू दिलं नाही. आता नवं तर व्हायचं नाही.

११ फेब्रु.
शेजारच्या अक्का मेथी घेऊन आल्या. लिंगायत. ऐकून म्हणाल्या, "आमच्यात सूतक पाळत न्हाईत. आणून ठेव माझ्याकडं, मागनं ने." इतकं सोपं?
यांना विचारलं. "बाप जिवंत असताना भांडी हलवायलीस? त्येंनी विचारलं तर काय सांगू?" आणि चप्पल घालून बाहेर. अवघड विषय निघाला की यांना हटकून नौबादला काम निघतं.

१३ फेब्रु.
नेली. अप्पांचा डोळा लागल्यावर, पदराआड. स्वतःच्या घरात चोरी. अक्कांनी ज्वारीच्या पोत्यांमागे नीट लावली. फळीवर फक्त अप्पांचा पेला. मी त्यावर मोर काढला होता. अप्पा त्याला अजून कोंबडीच म्हणतात. म्हणायचे.

१४ फेब्रु.
अप्पा फळीकडे बघत होते. बराच वेळ. पाणी पाजलं, निम्मं उशीवर.
"बाकीची?" जीभ जड, पण कळलं.
"अक्कांकडं."
"कामून?"
मी उशी पुसायला घेतली. त्यांनीच मान हलवली, म्हणजे समजले. रडू मला आलं, त्यांना नाही. थोड्या वेळाने, "गेलो न्हाई अजून. आणून मांड. वापर."

१६ फेब्रु.
परत आणली. आत्याबाई बोलत नाहीत. हे म्हणाले, "बघ बाई, तुला कळंल तसं." मला काही कळत नाही. दुपारी सगळ्यांना त्याच ताटल्यांत वाढलं. अप्पांनी दोन घास वरण-भात घेतला, ताटलीच्या काठावर बोट फिरवत राहिले. काठ वाकडा आहे म्हणाले.

१८ फेब्रु.
सकाळपासून घरघर. हकीमसाहेबांनी नाडी धरली, न बोलता पिशवी बंद केली. हे उशाशी आहेत, आज कुठे गेले नाहीत. परसदारी अक्का रिकामी टोपली घेऊन बसल्यात. मी खूण केली की आत येतील. पण अप्पांचे डोळे फळीवर. ते मिटले की उशीर झालेला असेल. उघडे आहेत तोवर माझ्याच्याने हात हलववत नाही.
पेला विसळून, पाणी भरून त्यांच्याजवळ ठेवला. पडवीत येऊन हे लिहितेय. चाकावरचं फडकं वाळून कडक झालंय.
आत्याबाई आतून हाक मारायल्यात.