मुळांनी धरलेली माती
भातकुली, शुक्रवार, दिवेलागण

मी पेरलेल्या अर्ध्या वावरातलं तुरीचं एक झाड उपटून छपरीत ठेवलंय. मुळांना माती अशी चिकटलीय, झटकली तरी पुरती सुटत नाही. सासरे तिकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणे, "बुरशीनं तूर वाळते, अन् तू बुरशीच पेरून राहिली?" मर रोगाची बुरशी वेगळी, मामाजी! मी बियाण्याला लावली ती मायकोरायझा, ही चांगली बुरशी, मुळांना दुरून स्फुरदासारखं अन्न आणून देते. तिच्यावर बुरशीनाशक लावू नका, ती मरते म्हटलं, तरी त्यांनी सवयीनं स्वतः पेरलेल्या अर्ध्या बियाण्याला ते चोळलंच. त्यांच्या अर्ध्यातल्या झाडांची मुळं मातीविना उघडीबोडकी निघाली. मग चुकलं कोण? मी? सासूबाई म्हणाल्या, "माती सांडली, झाडून घे." नाही झाडणार. आधी मामाजींनी माझ्या झाडाची ही मुळं झटकून, माती सोडवून दाखवावी.