वायव्येची खोली

सर, पुण्याबाहेर मांजरी गावातल्या एका इमारतीचं ग्रीन सर्टिफिकेट अडलंय आणि ते मीच अडवून ठेवलंय. तुम्हाला हा शब्दच आवडला नसता. इमारत चांगली की वाईट हे सांगायला कागद लागतो म्हटल्यावर तुम्ही चष्मा पुसत एवढंच म्हणाला असतात, "म्हणजे आत राहून कळत नाही वाटतं." पण आता याच कागदावर माझं पोट आहे. नळातून पाणी बेताने पडतं का, रंगाला वास किती, गाड्या चार्ज करायची सोय आहे का, सगळ्याला गुण असतात, आणि ते जमवून देणं हा माझा धंदा. गुण जमतात हो. अडतं ते नेमकं तुम्ही शिकवलंत तिथे, पश्चिमेच्या भिंतीपाशी.

मे महिना आहे, जेवणानंतरचा तास, आम्ही पेंगतोय, आणि तुम्ही अख्ख्या वर्गाला उठवून आर्किटेक्चर कॉलेजच्या मागच्या जिन्यात नेता. भिंतीला गाल लावायला सांगता. "हात नको. हाताला सवय असते, तो सांभाळून घेतो. गाल लावा." भिंतीला गाल चिकटवून उभी राहिलेली ती रांग बघून शिपाई तोंडावर रुमाल धरतोय. गालाला चटका बसला की पोरं ओरडतात आणि तुम्ही शांतपणे म्हणता, "आता या भिंतीला टेकून झोपायचंय असं समजा." त्याच वर्षी मी चारी बाजूंनी काच असलेलं घर काढून आणलं होतं. तुम्ही बराच वेळ ते बघत राहिलात. "सुंदर. आत काय लावणार? टोमॅटो?" सगळे हसले. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही, ते तुमच्या लक्षातही आलं नसेल. मग रागारागाने खिडक्यांवर छज्जे काढून आणले, तेव्हा तुम्ही खिशातली तुमची पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवून पुढच्या मुलाकडे गेलात. एवढा आनंद मला पुढे पदवी मिळाल्यावरही झाला नाही.

कसब्यातली भाड्याची जागा सोडून तुम्ही मुलाकडे वारज्याला राहायला गेलात आणि मी भेटायला आले, ती नेमकी उन्हाच्या वेळी. शेवटचा मजला. सूनबाई कौतुकाने म्हणाल्या, "बाबांना स्वतंत्र खोली दिलीये हं आम्ही." खरंच दिली होती, वायव्येची. आमच्या धंद्यात हे ठरलेलंच असतं. वास्तूवाले नैऋत्येची खोली घरच्या कर्त्याला देतात, आग्नेय स्वयंपाकाला, आणि उरलेल्या वायव्येच्या छोट्या खोलीवर नकाशात लिहायचं, 'पेरेंट्स'. उन्हाळ्यात दुपारपासून मावळेपर्यंत सूर्य त्या खोलीवर बसलेला असतो. तुम्ही ओला पंचा खांद्यावर घेऊन पलंगाच्या कडेला बसला होतात. मी भिंतीजवळ गेले तशी म्हणालात, "राहू दे. चहा घे." घरातली सगळी ऐकत होती. मी चहा घेतला. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. डॉक्टर हृदय म्हणाले, वयही झालंच होतं, कुणाला दोष द्यावा असं काही नव्हतं.

पण तेव्हापासून नकाशाच्या त्या कोपऱ्यात पलंगाचा चौकोन काढला की त्यावर तुम्ही बसलेले असता. ऑफिसातल्या इतर कुणाला दिसत नाही. मी स्क्रीनवर पुढे सरकते, वरच्या मजल्याचा नकाशा उघडते, तिथेही तुम्ही. पंच्याने मान पुसत असता. मला भीती वाटते म्हणावं तर तसंही नाही. फक्त त्या खोलीशी आले की माझा हात थांबतो आणि मला कुणाकडेही बघवत नाही.

मांजरीच्या इमारतीत मी भांडून त्या खोल्यांवर खोल छज्जे घेतले होते. भिंतीतून आणि खिडकीतून आत उष्णता किती येईल याचा हिशेब त्या छज्ज्यांच्या भरवशावर सही करून देणार होते. आता भिंती विटांच्या नसतात, सर. ॲल्युमिनियमच्या साच्यात अख्खा मजला काँक्रीटचा ओततात, आणि छज्जा आला की साचा अडतो, काम लांबतं. बिल्डरने मला बोलावून घेतलं. "मॅडम, छज्जे काढून टाकलेत. हिशेबात राहू द्या ना, कोण बघायला येतंय?" मी म्हटलं, "ऊन येतं." ते हसले. "पेठेतल्या का हो तुम्ही? टोमणा तसाच आहे." मग हसू आवरून म्हणाले, "सगळे गुण जमलेत. अडथळा सर्टिफिकेटचा नाहीये, तुमचा आहे." महिनाअखेर सही नसेल तर ते दुसरा सल्लागार बघणार. तो सही करेल हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

परवा साइटवर गेले तर नमुन्याच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब आलं होतं, मुलगा-सून आणि त्याचे आईवडील. विक्रीवाली मुलगी सराईतपणे दार उघडून म्हणाली, "आणि ही आई-बाबांची रूम." मुलगा खूश झाला, आईला घेऊन बाल्कनी बघायला गेला. वडील खोलीतच रेंगाळले. मी पुढे होऊन म्हटलं, "काका, पैसे भरायच्या आधी एकदा चारच्या सुमाराला येऊन इथे थोडं बसून बघा." त्यांनी आधी मुलगा कुठे आहे ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अहो, कळलंय मला. भिंतीला हात लावून बघितला मी. पण तो घेतोय. आमच्यासाठी वेगळी खोली हवी म्हणून किती दिवस फिरतोय. त्यात आता मी खोड काढू? आपण कृपा करून त्याच्याजवळ बोलू नका." आणि बाहेर जाऊन मुलाला म्हणाले, "उत्तम आहे रे, हवेशीर आहे."

सर, मी तुमच्यावर रागावून हे लिहायला बसले. इतकी वर्षं हा राग धरून आहे आणि तुम्ही वारलात म्हणून तो काढता येत नव्हता. अख्ख्या वर्गाचे गाल भाजणारा माणूस स्वतःच्या घरात एक वाक्य का बोलला नाही? आता ते काका बघितल्यावर कळलं, तुम्ही का बोलला नाहीत. कळल्यामुळे राग कमी झाला असंही नाही. सही करणार नाही असं मी आज कळवून टाकलंय. त्याने काही होणार नाही. सर्टिफिकेट मिळेल, फाटकावर हिरवी पाटी लागेल आणि काका त्या खोलीत राहायला येतील. त्यांचा मुलगा परवा दहा पावलांवर, बाल्कनीत उभा होता. त्याला सांगायला मला कुणाची सही लागत नव्हती. काकांनी विनवलं म्हणून मी गप्प राहिले, असं घरी येताना मी स्वतःला समजावत होते. हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते: त्यांनी "बोलू नका" म्हटलं तेव्हा, सर, मला सुटल्यासारखं वाटलं.