सळईच्या कारखान्यातली किल्ली

मंगळवार, कार्तिक वद्य षष्ठी. संध्याकाळ.

बातमी अजून पाठवली नाही. ती किल्ली आडवी येते आहे.

जालन्यातल्या सळईच्या कारखान्याबाहेर सकाळपासून ट्रक उभे. ड्रायव्हर सत्तारभाई, माझ्याच वयाचे, म्हणाले, "लोडिंगच्या दिवशी बीपीची गोळी घेत न्हाई. तिच्यानं घडी घडी लघवीला लागतं. मंग जायचं कुठं? आतल्या संडासाला कुलूप, इकडं रस्त्यावर बायका काम करून राह्यल्या."

मॅनेजर म्हणाला, "संडासाचा कायदा आमच्या कामगारांसाठी. ड्रायव्हर आमचे नाहीत."

पाठशाळेत गुरुजींनी देहधर्म शिकवला. तो कोणाच्या हजेरीपटावर असतो, हे सांगायचं राहून गेलं. या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो. त्याच खुशीत वॉचमनला संडासाचं विचारलं. त्यानं लगेच लाल दोऱ्याची किल्ली काढून दिली. मी आत जाऊन आलो आणि किल्ली परत त्याच्याच हातात ठेवली. सत्तारभाई शेजारी उभे होते!

"काय साहेब, साफ होतं का?" ते हसून म्हणाले. "आम्ही बघितलं न्हाई कधी."

हे बातमीत घातलंच नाही. का?

आत्ता त्यांना फोन केला. ट्रक अजून गेटवरच, गोळी खिशातच. डोकं ठणकतंय म्हणाले.

चप्पल घालतो आहे. ती लाल दोऱ्याची किल्ली पुन्हा मागायची आणि सत्तारभाईंच्या हातात द्यायची. वॉचमन मला नाही म्हणणार नाही. खरी बातमी तर तीच आहे.