पाठवणीतलं नाव

प्रिय सिकार्त,

हे पत्र मीठवाल्या खेचरस्वाराबरोबर पाठवते आहे. तो दारू पीत नाही, म्हणून त्यालाच निवडलं. अक्षर वाकडंतिकडं आलं तर वयाला दोष देऊ नकोस, लपूनछपून लिहिते आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की मी हे पत्राचं कातडं झग्याखाली दडवते आणि पाऊल वर निघून गेलं की पुन्हा काढते. बाहेर लख्ख ऊन आहे, गल्लीत पोरं लाकडी घोडे पळवताहेत, आणि मी भरदुपारी भूत पाहिल्यासारखी बसले आहे. जिच्याकडे राहते ती विणकरीण दोनदा विचारून गेली, पोटात दुखतंय का म्हणून. हो म्हटलं.

तू रचलेलं ते बिशपचं गाणं, तराजूवर अंगठा दाबून आत्मे तोलणाऱ्या बिशपचं. तुलूझवर काउंटची सद्दी होती तेव्हा तिथल्या मेजवान्यांत ते ऐकून बिशपचे पुतणेसुद्धा पोट धरून हसायचे. आता दिवस फिरले. असलं गाणं ओठांवर आलं तरी माणूस पाखंडी ठरतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ऑगस्टमध्ये पाणचक्कीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. लोकांनी चार पेले चढवले आणि त्याच गाण्यासाठी मागे लागले. मी नको म्हणाले, तर नवरीचा मामा म्हणाला की फाब्रिसाचे दात पडले तशी हिंमतही पडली. तुला माझा स्वभाव माहीत आहे. आपले बाबा म्हणायचे, या पोरीला कुणी डिवचलं तर विहिरीतसुद्धा उडी मारेल. मी फिडल उचललं आणि अख्खं गाणं गायले.

नवव्या दिवशी पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या पाद्र्यांचं बोलावणं आलं. माझ्या पाचावर धारण बसली. मला वाटलं होतं, समोर कुणी राक्षस असेल. होता एक सर्दी झालेला सभ्य म्हातारा. त्याने मला बसायला बाक दिला, शपथ घ्यायला लावली आणि गाणं म्हणायला सांगितलं. बाजूला एक तरुण कारकून लेखणी घेऊन बसला होता. सिकार्त, मी राजांपुढे गायले आहे, भर जत्रेत गाढवांच्या ओरडण्यावर गायले आहे, पण इतकी वाईट कधीच गायले नसेन. कशीबशी चार कडवी म्हटली आणि पाठवणीच्या आधी थांबले. शेवटच्या त्या अर्ध्या कडव्यात तू ऐटीत स्वतःचं नाव गुंफलं आहेस. तेव्हाच मी किती सांगितलं होतं, नाव घालू नकोस म्हणून. पण ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

म्हाताऱ्याला काही कळलं नव्हतं. तो उठायलाच निघाला होता. तेवढ्यात कारकुनाने लेखणी खाली ठेवली.

"बाई, पाठवणी राहिली," तो म्हणाला. "चाल अधांतरी सोडलीत तुम्ही."

त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. दीक्षा घेण्याआधी तोही कुठल्या तरी दरबारात गात असणार. उघडं राहिलेलं दार दिसलं की काही माणसांना ते लोटल्याशिवाय राहवत नाही, तसलाच तो. म्हाताऱ्याने विचारलं, पाठवणी म्हणजे काय? त्याने सांगितलं की गाणं रचणारा शेवटी गाण्याचा निरोप घेतो, ते कुणाकडे तरी धाडतो, आणि पुष्कळदा स्वतःचं नावही सांगतो. म्हाताऱ्याने नाक पुसलं आणि मला म्हणाला, "म्हणा."

एका श्वासाइतकाच वेळ होता माझ्याकडे. तुझं नाव जिभेवर आलेलं मी गिळलं आणि त्या जागी बाबांचं घातलं. गाणाऱ्या अझेमारचं. सुरात चपखल बसलं. आपल्यात म्हणतातच ना, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. सात वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं हे लोक काय वाकडं करणार? कारकुनाने नाव लिहून घेतलं. हा माणूस कुठे आहे, असं म्हाताऱ्याने विचारलं. मी म्हटलं, देवाघरी गेला. मग त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं, "पुरलंय कुठे?"

मला वाटलं, बाबांसाठी प्रार्थना म्हणणार असतील. देवाशपथ तसंच वाटलं. कृतज्ञतेने माझे डोळे भरून आले होते. मी सगळं सांगितलं. आपल्या कास्तेलवेर्तच्या चर्चची उत्तरेकडची भिंत, नासपतीच्या झाडाखाली, कडेपासून तिसरी कबर. विचारलं नव्हतं तेही सांगितलं, की घर धाकट्याकडे, म्हणजे तुझ्याकडे आहे.

मला सोडलं. छातीवर आणि पाठीवर पिवळ्या कापडाचा एकेक क्रूस शिवून वर्षभर फिरायचं, एवढीच शिक्षा. पिवळा रंग मला कधी शोभला नाही, आणि असल्या कपड्यात लग्नाला कोण बोलावणार, पण त्या दिवशी मी इतकी खूश होते की बाजारात उभ्याउभ्या ईल माशाची अख्खी कचोरी खाल्ली. तू वाचलास, याच आनंदात पाच दिवस गेले.

परवा सकाळी चौकात गर्दी दिसली. एका फळीवर हाडं बांधून घोडा ती फरफटत नेत होता. कुणा कातडं कमावणाऱ्याच्या आईची हाडं, वीस वर्षांपूर्वी गेलेली बाई. माझ्या शेजारी तो कातडीवाला उभा होता. रडतही नव्हता. नदीकाठी लाकडं रचली होती. ती पेटल्यावर दवंडीवाल्याने वाचून दाखवलं की मेलेल्या पाखंड्याचं घर पाडलं जाईल, जमीन जप्त होईल, मुलांना काही मिळणार नाही. मग सप्टेंबरअखेरच्या सेंट मायकेलच्या सणानंतर ज्यांच्या कबरी उकरायच्या, त्यांची यादी वाचली. तिसरं नाव बाबांचं होतं.

मी काय करून बसले, सिकार्त? परत जाऊन खरं सांगावं, तर हाडांच्या जागी जिवंत तू असशील. गप्प राहावं, तर बाबा त्या फळीवर. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. विचारून विचारून डोकं बधिर झालं आणि शेवटी एकच वाट दिसली, तेवढ्यासाठी हे पत्र. सणाच्या आदल्या आठवड्यात द्राक्षतोडणी सुरू होईल. भरदुपारी सगळं गाव मळ्यात असेल, पाद्रीसुद्धा. तेव्हा बाबांना कबरीतून काढ. तुझ्या बायकोला, गौझियाला, बरोबर घे, हे काम एकट्याने करू नकोस, तुझ्याने व्हायचं नाही. टोपल्यांत ठेव, वर द्राक्षं रच, पोरांना त्याच गाडीवर बसव आणि थेट घाट ओलांडून कॅटलोनियात जा. घराकडे वळून पाहू नकोस, ते गेलंच. बाबांना तिकडे कुठेही ठेव, फक्त मला जागा कळवू नकोस. कबर रिकामी निघाली की ते मला पुन्हा बोलावतील. मी किती भित्री आहे ते मला आता कळलं आहे. विचारलं तर मी सांगेन. म्हणून त्यांच्याआधी निघ, बाळा. या वेळी नाव घ्यायला माझ्याकडे दुसरं मेलेलं माणूस नाही.

तुझ्यावर जीव टाकणारी, तुझीच थोरली बहीण,
फाब्रिसा