बसल्या जागेवरून

दि. ४, मंगळवार

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

विमानात बसल्या जागेवरून तू मुकाट्याने उठलास, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोनवर तू नुसतं हं हं करतोस. तुझ्या बायकोच्या ईमेलवर पाठवतेय, म्हणजे गहाळ व्हायचं नाही.

विमान कंपनीला त्यांच्या कर्मचाऱ्यासाठी जागा हवी होती. शेजारी बसलेल्या मला विचारलं, मी नाही म्हणाले. तुला विचारलं, तर तू बॅगसुद्धा स्वतःच काढलीस. मी एकटीच आईकडे पोहोचले. जन्मभर बसमध्ये कंडक्टरी केलीस, गर्दी झाली की आपली जागा आधी सोडायची ही तुझी खोड. इथे तू उतारू होतास.

आता ते तुला पुढच्या आठवड्यातली जागा देतायत. आईची शस्त्रक्रिया शुक्रवारी आहे. धाकटा दिसल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिने डॉक्टरांना ठणकावलंय. तारीख टळली तर डॉक्टर महिनाभर परगावी. उद्या विमानतळावर जा. बसलेल्या माणसाला उतरवलं की पुढच्या पहिल्या विमानाने पोहोचवणं त्यांचं काम आहे, उपकार नव्हे. आवाज चढवू नकोस, हात जोडू नकोस.

रागावले आहे, माया कमी झालेली नाही. तुझीही होऊ देऊ नकोस.

ताई

दि. ५, बुधवार

ती. ताईस,
सा. न.

पत्र हिने मोठ्याने वाचलं. हात जोडू नकोस, हे दोनदा.

काउंटरवरचे साहेब म्हणाले, काका, तुम्ही आपखुशीने उतरलात. मी म्हटलं, तुमच्या माणसाने सांगितलं म्हणून उठलो, हौस नव्हती. जागा नाही म्हणाले. मग समोरच्या खुर्चीत बसून राहिलो. रक्षक आला, दुसऱ्यांना बसायचंय, जरा उठता का म्हणाला. खरं सांगतो, अर्धा उठलोही होतो. आई डोळ्यांपुढे आली आणि परत टेकलो. नाही उठत म्हटलं. शेवटी त्यांचे मोठे साहेब बाहेर आले. त्यांनाही बसूनच सगळं सांगितलं. उद्याच्या विमानात जागा मिळाली. खिडकीची मागायची राहिली.

रागाची सवय आहे, मायाही अशीच असू द्यावी.

आपला धाकटा

दि. ७, शुक्रवार

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा काल रात्री पोहोचला. विमानात कुणी गणवेशातलं जवळ आलं की पट्टा आवळत होता म्हणे. आई त्याला म्हणाली, उशीर केलास, आणि आज निमूट आत गेली. शस्त्रक्रिया नीट झाली, अजून गुंगीत आहे.

काळजी सोड, लोभ सोडू नकोस.

ताई

ता. क. आत जाताना आईने स्वतःच्या हाताने काढून त्याच्या हाती दिलं ते असं: चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, मनगटी घड्याळ. मी शेजारीच उभी होते.