लिम्बर्टचा डबा आणि माझा

२४ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा अडकलं! गेममध्ये ऐन मारामारीत चित्र थिजलं, आणि हललं तेव्हा मी मेलेलो. योसेलिन — आमच्या पाच जणांच्या टोळीची कप्तान — हेडफोनमध्ये ओरडली, "काटकुळ्या, तो कॉम्प्युटर आहे का बटाट्याचं पोतं?" सगळे हसले. लिम्बर्ट माझ्या मागं उभा राहून नुसता बघत होता, तर तो सगळ्यात मोठ्यानं!

लिम्बर्ट माझा मावसभाऊ. त्याच्या बहिणीनं साओ पाउलोहून कॉम्प्युटरचा नवा कोरा डबा पाठवलाय. ती तिथं शिवणकाम करते. आत निळे दिवे लुकलुकतात. मलाही बहीण आहे. ती काडी पाठवत नाही.

२५ फेब्रुवारी

योसेलिनचा निरोप — दहा तारखेच्या सामन्यात पाचवा लिम्बर्ट. मी राखीव. जागा माझी होती!! दोन वर्षं माझी होती.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

प्रोसेसर बघायला बाजारात गेलो. वाटेत एक माणूस एकेका पायाचेच बूट विकत होता. त्याच्याशी गप्पा मारत बसलो. कोण घेतं म्हटलं, तर म्हणे "ज्याचा एक हरवलाय तो." बरोबर आहे की! मग गरम आपी, जांभळ्या मक्याचं पेय, प्यायलो. मग आठवलं, प्रोसेसर.

दोन्या नेल्वा, म्हणजे नेल्वाबाई, जुने सुटे भाग विकते. माझा मॉडेल नंबर ऐकून हसली. "पोरा, तुझ्या बोर्डावर बसेल असा हाच सगळ्यात दांडगा. याच्या वर जायचं तर बोर्डच बदल, मेमरी बदल, सगळंच बदल." मग म्हणे, "आणि इथं उंचावर हवा विरळ. हा तापणार. पंखाही मोठा घे."

पैसे आहेत. पण ते समुद्रकाठच्या इकिकेच्या बससाठी ठेवलेत. समुद्र बघायचाय. एकदा तरी.

लिम्बर्टच्या घरावरून परत आलो. मुद्दाम नाही. खिडकीत निळा उजेड होता.

१ मार्च

प्रोसेसर का समुद्र? समुद्र कुठं पळून जात नाही. पण जागा तरी परत मिळेल का? चित्र अडकलं नसतं तर मी लिम्बर्टला कधीही भारी होतो. कधीही.

५ मार्च, चाल्याचा मंगळवार

मावशीकडे होतो. तिनं, दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे बरकतीसाठी, सकाळपासून सगळ्यावर बियर शिंपली — मिनीबसच्या चाकांवर, चारी भिंतींवर, शिवणयंत्रावर. पाकळ्या, रंगीत कागदाच्या फिती. मग लिम्बर्टच्या डब्याकडे वळली. चालू होता. लिम्बर्ट बाहेर फटाके लावत होता.

"अगं, थोडीच हं," काका म्हणाले.

"पाचामामाला, आपल्या धरणीमायला, चिक्कूपणा दाखवू? पोरीनं घाम गाळून पाठवलाय!" आणि अर्धी बाटली वरून ओतली.

डब्याला वर जाळी आहे. मला दिसत होती. मी पाकळ्या टाकत राहिलो.

६ मार्च

बंद पडला! धूरसुद्धा आला म्हणे. मावशी सांगत फिरतेय, "धरणीमाय तहानलेली होती."

मला आनंद झाला. इथं लिहायला काय भीती — झाला!

७ मार्च, गुरुवार

योसेलिनचा फोन. "काटकुळ्या, आता तूच पाचवा. पण त्या पोत्यावर खेळणार असशील तर सांग, आम्ही चौघंच मरतो."

ठरलं. प्रोसेसर बसवतो म्हणून तिला सांगितलं. इकिके गेलं खड्ड्यात. नेल्वा म्हणाली, रविवारी पहाटेच ये, बसवून देते. दुपारी सामना. मग बघू दे लिम्बर्टला मागं उभं राहून!

९ मार्च, शनिवार

गारा पडत होत्या, पत्रे बडवत होत्या. लिम्बर्ट आला. ओला, रडून तोंड सुजलेलं. "दादा, एक डाव खेळू दे ना. हात शिवशिवतायत." सरावाचा डाव होता. म्हटलं खेळ, कळेल तुला. माझ्याच नावानं बसला. हेडफोन गळ्यात.

चित्र अडकलं. नेहमीच्याच ठिकाणी. तो थांबला नाही! थिजलेल्या चित्रावरच बोटं चालवत राहिला, आणि चित्र हललं तेव्हा समोरचे तिघं मेलेले.

"कसं काय?" मी.

"सायबर कॅफेतल्या भाड्याच्या डब्यांवर शिकलो रे. ते तर तुझ्याहून वाईट. अडकायच्या आधीच पुढचं ठरवून ठेवायचं." आणि हसला. साधं, नेहमीसारखं.

जिंकला. हेडफोन माझ्या हातात दिला. आत योसेलिन किंचाळत होती —

"काटकुळ्या! बसवलास ना प्रोसेसर? बघ, मी म्हणत नव्हते का!"