तीन वेळा हरकत नाही

तीर्थस्वरूप काकांना,

साष्टांग नमस्कार. (रागाने पाठ ताठ झाली आहे, त्यामुळे तूर्त निम्माच पोचला असं समजा. काकूंना मात्र पूर्ण सांगा, त्यांनी काही केलेलं नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? मांजरीला पिल्लं झाली असतील तर किती, तेही कळवा. माझी प्रकृती ठणठणीत आहे. संतापाचा एवढा एक गुण बघितला, की त्यात सर्दी होत नाही आणि भूक सपाटून लागते.

पर्यावरण कायदा आणि धोरण या विषयाला मला तुम्ही घातलंत. बाकी सगळं घर बँकेच्या परीक्षेच्या बाजूने होतं. तुम्ही एकटे म्हणालात, की नदीला घरचा वकील हवा. गेलं दीड वर्ष मी तो वकील होते आहे. 'सांडपाणी' या शब्दाच्या नऊ व्याख्या मला तोंडपाठ आहेत, आणि नवव्या व्याख्येप्रमाणे ते सांडतही नाही आणि पाणीही नसतं. आमच्या वर्गाच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या आहेत, कारण बाहेर विद्यापीठाचा जनरेटर आहे. आवाजाची कायदेशीर मर्यादा किती, हे कायद्याच्या बाईंनी तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा ते जनरेटरने गिळलं. परीक्षेत नेमका तोच प्रश्न! मी उत्तर लिहिलं, 'ऐकू आली नाही.' बाईंनी अर्धा गुण दिला. (बाई भल्या आहेत, पण घाबरट.)

धोरण शिकवणाऱ्या सरांना आम्ही 'दुसरीकडे सर' म्हणतो. त्यांचं एकही वाक्य 'पण दुसरीकडे बघितलं तर' याशिवाय पुरं होत नाही. नदीत विष सोडणं वाईट, पण दुसरीकडे बघितलं तर विषालाही कुठेतरी जायला हवं. असं गेलं दीड वर्ष चाललं आहे आणि हा माणूस एकाही काठाला लागलेला नाही. त्यांनीच या सत्रात प्रात्यक्षिक दिलं: एका खऱ्या जनसुनावणीला जा, लेखी हरकत घ्या, ती सरकारी इतिवृत्तात नोंदवून आणा. चाळीस गुण.

मी कुठली सुनावणी निवडली असेल? आपलीच. कापड रंगवणाऱ्या कारखान्याला आपल्या नदीत पाणी सोडायचं आहे, तुम्ही पोरांना पोहायला शिकवता त्या डोहाच्या जरा वर. मला गुणांसाठी रान धुंडाळायची गरज नव्हती. त्या डोहात तुम्ही मला ढकललंत तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि तिथून लाल-निळं पाणी वाहणार हे वाचल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चौदा पानी हरकत लिहिली. त्यात कंपनीच्या परिणाम अहवालाची सालटी काढली. हा अहवाल कुठल्या तरी बंदराच्या अहवालावरून उतरवला आहे, काका. 'प्रकल्पामुळे भरती-ओहोटीच्या वेळा बदलणार नाहीत' असं त्यात छातीठोक लिहिलं आहे. आपल्या नदीच्या! समुद्र बघायला जिला दोन दिवस वाहावं लागतं!

सुनावणी सरकारी कचेरीच्या पहिल्या मजल्यावर होती. चाळीस खुर्च्या, त्यातल्या तीस कंपनीने आणलेल्या माणसांनी भरलेल्या. तुम्ही दिसला नाहीत. नोटीस ज्या दारावर लावली होती ते दिवसभर भिंतीकडे उघडं असतं, म्हणजे नोटीस भिंतच वाचत असणार. तुम्हाला कळलंच नसेल, असं मी मनाशी म्हटलं. टेबलाशी एक कारकून मोठी वही घेऊन बसला होता. सभ्य माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. आणि आता लक्ष देऊन वाचा, कारण इथेच आपल्या घराण्याच्या संस्कारांनी माझा घात केला.

कारकून म्हणाला, तुमचा नंबर आधी आहे, पण कंपनीच्या साहेबांना निघायचंय, त्यांना बोलू देऊ का? मी म्हटलं, हरकत नाही. थोड्या वेळाने म्हणाला, माईक बिघडलाय, बसूनच बोलावं लागेल. मी म्हटलं, हरकत नाही. मग माझी चौदा पानं हातात तोलून म्हणाला, हे सावकाश वाचून घेतो, आत्ता वेळ संपलीय, चालेल ना? मी तिसऱ्यांदा तेच म्हटलं. दर वेळी तो मान डोलवून वहीत काहीतरी लिहीत होता. मला वाटलं, काय कामसू माणूस आहे. जाताना मी त्याचे आभार मानले!

आठ दिवसांनी इतिवृत्त आलं. त्यात लिहिलं आहे: 'विद्यापीठाच्या अभ्यासू विद्यार्थिनीने आपली हरकत नसल्याचे तीन वेळा स्पष्टपणे सांगितले.' कंपनीच्या तीस माणसांनीसुद्धा एकेकदाच सांगितलं होतं, काका. सगळ्या सभागृहात कारखान्याची सर्वांत मोठी पाठीराखी मीच ठरले.

मी कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटला. (हात अजून दुखतो, टेबल मजेत आहे.) कारकून शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी ऐकलं तेच लिहिलं. वहीत रकानाच तेवढा आहे. हरकत आहे, किंवा हरकत नाही." दुरुस्तीसाठी अर्ज करा म्हणाला. अर्ज केला. त्याला त्याच रंगाच्या कंपनीचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं, हे नंतर कळलं. कंपनीला विचारलं, तर कंपनीची हरकत आहे. त्यांची मात्र पहिल्या फटक्यात नोंदवली गेली! 'दुसरीकडे सरां'नी चाळीसपैकी अकरा गुण दिले आणि म्हणाले, हरकत नोंदवली गेली नाही हे खरं, पण दुसरीकडे बघितलं तर सौजन्य वाखाणण्यासारखं आहे. मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि जनरेटरशेजारी उभी राहून मनसोक्त ओरडले. कुणालाही ऐकू आलं नाही.

तर असं आहे सगळं. बाकी क्षेम. काकूंना जपा, स्वतःलाही जपा, आणि पावसापाण्याचं कळवत राहा.

तुमची संतापलेली पुतणी

ता. क. बाबांना अकरा गुणांचं सांगू नका. मी त्यांना 'निकाल राखून ठेवलाय' असं कळवलं आहे.

आणखी ता. क. कारकुनाला माझी दया आली असावी. सोमवारी त्याने मला कंपनीची फाइल बघायला दिली. पान सदतिसावर नदीकाठच्या जागामालकाचं संमतिपत्र आहे: आमच्या परसातून नळ टाकायला आमची काही हरकत नाही. खाली सही आहे. तुमची. ती खोटी असेल असं मला पूर्ण एक मिनिट वाटलं, पण आडनावाखाली अशी दुहेरी रेघ ओढणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. कंपनीचा कोणी गोड बोलणारा घरी आला असेल, गुडघ्याची चौकशी केली असेल, आणि घरात नळाचं पाणी येणार असं समजून तुम्ही चष्मा न लावता सही ठोकली असेल. काका, तो नळ पाणी आणणारा नाही. सोडणारा आहे.

शेवटचं ता. क. माझी हरकत आता धरत नाहीत. पण जागामालकाने संमती मागे घेतली तर नळाला वाट उरत नाही आणि सगळा प्रस्ताव परत जातो, असं कारकून म्हणाला. मुदत शुक्रवारी पाचपर्यंत. मागे घेण्याचं पत्र सोबत जोडलं आहे, चष्मा लावून वाचा आणि स्वतः घेऊन या, टपालाने नको. कारकुनाने बसायला सांगितलं, पाणी विचारलं, थांबाल का म्हणाला, तरी तोंडातून एक अक्षर काढू नका. मी जिन्याशी उभी असेन. आणि एक सांगायचं राहिलं. मी कारकुनावर, सरांवर, कंपनीवर चिडले आहे असं वरून वाटेल. मी तुमच्यावर चिडले आहे, काका. एवढं लिहायचा धीर व्हायला इतकी पानं लागली.